दोन बोटं

पापाच्या तिकटीवरून आत वळलं की
तिसरं शटर माझं.
पाटीवर अजून अण्णांचंच नाव,
खाली बारीक अक्षरांत : फक्त जेंट्स.
पहिल्या वर्षी गिऱ्हाईक दारातच थबकायचं,
"कारागीर न्हाई व्हय आत?"
मी गळ्यातली टेप काढायचे
आणि म्हणायचे, मान वर करा.

बाईसमोर मान वर करणं
पुरुषांना वाटतं तेवढं सोपं नसतं.
कुणाचा कंठ खाली-वर होतो,
कुणी कॅलेंडरातली तारीख वाचत राहतो.
तेवढ्यात टेपखाली मी दोन बोटं सरकवते.
अण्णा सांगायचे, गळा कधी मापाचा शिवू नये,
दोन बोटं सैल ठेवावा.
माणसाला दिवसातनं एकदा तरी
आवंढा गिळावा लागतो.

विश्वतेज मोबाईलमधला फोटो दाखवतो.
"अस्साच पायजे अक्का, उभी पट्टी, एकच बटण."
मान त्याची आखूड, खांद्यात बसलेली.
बाळा, उभ्या पट्टीत तू
दट्ट्या बसवलेल्या बरणीगत दिसशील.
तू पसरट कॉलर घे, वरचं बटण सोड,
आणि ती चेन आतच राहू दे,
लोकांना जरा शोधू दे.
तो हसतो. ऐकत नाही.
मी उभी पट्टीच शिवते, पाव इंच कमी करून.
त्याला सांगत नाही.

सिकंदर जमादारला कॉलरच नको.
शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीसमोर
कॉलर म्हणजे गळ्यात ओला टॉवेल.
त्याला गोल गळा, पुढं तीन बटणं, काठाला दुहेरी शिलाई.
ईदचा तेवढा वेगळा,
पांढऱ्यावर पांढरा रेशमी दोरा, कॉलर कडक.
त्या दिवशी घाम आला तरी चालतो.

हिंदुराव चौगुल्यांचं पान
अण्णांच्या वहीत पहिल्या दहात आहे.
गळा : साडेएकोणीस.
पुढच्या वह्यांत अठरा. सतरा. सव्वासोळा.
तालीम सुटली कधी, ते वहीला विचारावं.
परवा म्हणाले, "लिव्हताना जुनंच लिव्ह."
मी जुनंच लिहिलं, शिवला नव्यानं.
मोजायची ती मान, राखायचा तो मान,
लिहायला दोन्ही सारखेच.

कुंभोजकर सर नवा शिवतच नाहीत.
विरलेली कॉलर उसवून, उलटी लावून नेतात.
आतल्या बाजूला ऊन लागलेलं नसतं,
कापड मुळात कुठल्या निळ्याचं होतं
ते तेव्हा कळतं.
बाकीचा शर्ट रिटायर,
कॉलर तेवढी आजच रुजू झालेली.

आणि बाबगोंडा पाटील.
चैत्रात मफलर गुंडाळून आले.
कारखान्याच्या सभेत माईक ढकलून बोलणारा माणूस,
आता नुसता वारा येतो तोंडातनं.
"झाकंल असं कायतरी."
मफलर सोडला.
गळ्यावर आडवा व्रण, अजून ओला गुलाबी,
घाईनं टाचलेल्या हेमसारखा.
दोन बोटं कुठं सरकवावीत
मला पहिल्यांदाच कळेना.
त्यांनी डोळे मिटले. मी माप घेतलं.

बंद गळा शिवला, दोन हुकांचा,
आत मऊ मलमलचं अस्तर, शिवण बाहेरच्या अंगाला.
ट्रायलला आरशापुढं उभे राहिले.
वरचा हुक काढला. लावला. परत काढला.
काहीतरी पुटपुटले,
ऐकायला मला जवळ जावं लागलं.
"दिसतंय का?"
दिसतंय, म्हटलं.
बराच वेळ तसेच उभे होते.
मग पैसे मोजले, वळले,
हुक लावला की नाही ते मी पाहिलं नाही,
रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला.

मफलर खुंटीलाच आहे.
आठवण झाली तर नेतील.
फोन नंबर वहीत आहे.
केलेला नाही.